डाव्या हाताचा आवाज

लातूरच्या त्या गल्लीत पियानो आला तेव्हा लोकांना आधी वाटलं, मयत आली. टेंपोत गाद्या अंथरलेल्या, वर ताडपत्री, दोरीनं आवळून बांधलेलं लांबरुंद काहीतरी, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी तोंड पाडून बसलेले आलोक सर. तोंड पडलं होतं ते नांदेडपासूनचे खड्डे खाऊन, पण गल्लीला काय माहीत! समोरच्या होस्टेलची पोरं गॅलरीत गोळा झाली. दोघातिघांनी तर पायातल्या चपला काढल्या. मग ताडपत्री निघाली आणि घरमालक निवृत्ती म्हणाला, "सर, ह्ये कपाट हाय का पेटी?"

"पेटीच," आलोक म्हणाला. "मोठी."

भूकंपानंतरची ती वर्षं. तिकडं किल्लारीच्या अंगाला पडलेल्या गावांची नवी गावं बसत होती, आणि इकडं लातुरात बोळाबोळात क्लास निघत होते. मुखेड, देवणी, हिमायतनगर, कुठकुठली पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायची आणि डॉक्टर व्हायचं म्हणून रात्रंदिवस घोकायची. आलोक कानडखेडकर अशाच एका क्लासात भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि चांगलं शिकवायचा. पण जीव त्याचा जॅझमध्ये. आता लातुरात जॅझ म्हणजे, घ्या! क्लासच्या मालकाला सांगितलं तर त्याला ते साबणाचं नाव वाटलं. एक चाल घ्यायची, तिचे सूर मनात फिरते ठेवायचे आणि दर फेऱ्याला त्या घटकेला सुचेल ते नवं वाजवायचं, लिहिलेलं नाही, पाठ केलेलं तर अजिबात नाही. पाठांतरावर उभ्या असलेल्या गावात या माणसाला नेमकी हीच हौस सुचावी!

हौस लावली ती गुरुपादप्पांनी. अप्पा मूळचे निलंग्याकडचे, पण हयात गेली सिकंदराबादच्या एका क्लबात पियानो वाजवण्यात. म्हातारपणी पियानोसकट नांदेडला लेकीकडं आले. आलोक कॉलेजात असताना त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचा. खालून ते सूर यायचे आणि याचं पुस्तक तसंच उघडं राहायचं. लातूरला नोकरी लागली तरी रविवारी लाल एस्टी धरून नांदेड गाठायचं त्यानं सोडलं नाही. पुढं अप्पांची बोटं संधिवातानं वाकडी झाली. "घेऊन जा, मास्तर," ते म्हणाले. "मी हात लावत न्हाई म्हणून ते रुसून बसलंय."

आणला खरा, पण ठेवायचा कुठं? पुढची खोली सिमेंटची, पक्की, पण दार अरुंद. मागच्या खोलीला मोठं दार होतं, कारण पूर्वी तिथं कडबा भरायचे. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. आलोकची बायको सुकन्या उंबऱ्याबाहेर उभी राहून ते सगळं बघत होती.

"त्या खोलीत नका ठेवू," ती म्हणाली.

"निजामाच्या काळातली भिंत हाय, वहिनी," निवृत्ती म्हणाला. "तिला काय धाड भरलीय?"

"आमच्या बी तसल्याच व्हत्या," ती म्हणाली आणि अंगणात निघून गेली.

सुकन्या घरात झोपत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून नाही. तिचं गाव भूकंपात गेलं. त्याच्या आदल्या वर्षापासून जमीन तिथं गुरगुरायची, भांडी वाजायची. पहिल्यांदा लोक भ्याले, शेतात जाऊन झोपले, साहेब लोक येऊन बघून गेले. मग काय, रोज मरे त्याला कोण रडे! सवय झाली. त्या पहाटे सुकन्या आणि तिचा बाप ग्यानोबा अंगणात झोपले होते. गुरगुर ऐकून तिनं आईला हाक मारली होती. केवळाबाई आतून म्हणाली, "रोजचंच हाय, झोप." आई आणि धाकटा भाऊ वैजनाथ, दोघंही त्या भिंतींखाली गेले. आलोक छावणीतल्या पोरांना शिकवायला जायचा, तिथं त्याची तिची ओळख झाली आणि त्यानं घरच्यांशी भांडून लग्न केलं. सगळं झालं, पण ही छपराखाली पाठ टेकेना.

अंगणात त्यानं तिला पत्र्याचं शेड घालून दिलं. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, असं तिचं म्हणणं. शेडात तिनं उतरंड रचलेली असायची: खाली परात, तिच्यावर पालथा तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीवर पेला. जमीन जरा हलली की पेला पडणार, आणि पेला पडला की पळायचं. त्या भागातल्या कितीतरी घरांत तेव्हा अशी उतरंड असायची, त्यात नवल नव्हतं. पण उन्हाळ्यात लातूरचा पत्रा म्हणजे तापलेला तवा. ती तिथंच पडून राहायची, अंगावर घामोळं उठायचं. लेकराचा विषय निघाला की म्हणायची, "पत्र्याखाली लेकरू वाढवू?" आलोकला दुसरं काही नको होतं. ही बाई एकदा घरात यावी, निवांत झोपावी, एवढंच त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

पियानो लावून झाला त्या संध्याकाळी आलोकनं हौसेनं डाव्या टोकाचा, सगळ्यात खालचा सूर दाबला. एकदा, दोनदा, मग जोरात. अंगणात पेला खणकन पडला. सुकन्या किंचाळत रस्त्यावर गेली. "भूकंप! भूकंप!" समोरचं अख्खं होस्टेल जिना उतरून खाली आलं. एक पोरगं तर अंघोळीतून तसंच आलं, टॉवेलसुद्धा धड नाही. खरा प्रकार कळल्यावर गल्ली पोट धरधरून हसली. सुकन्या हसली नाही.

"तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "ते खालचं वाजवू नका."

त्यानं शब्द दिला. पुढं कितीतरी महिने तो मधल्या आणि वरच्या पट्टीतच वाजवायचा आणि टेप करून रविवारी नांदेडला न्यायचा. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि वैतागायचे.

"काय हो मास्तर, उत्तरपत्रिका आणली व्हय? मागच्या रविवारी वाजवलं तेच घोटून आणलंय. लातूरचं पाणी लागलं तुमाला! अन् तुमचा डावा हात काय मेला का? उजवा हात हुंदडायला जाणार, त्याला पायाखाली जमीन द्यायची कुणी?"

आलोकनं बायकोची हकीकत सांगितली. अप्पांनी टेप बंद केली. मग म्हणाले, "वाजवताना तू फक्त तुलाच ऐकतोस. भायेरचं ऐक. आमच्या कानडीत म्हणतात, केळु, केळु! कान उघड. जे कानावर येईल ते आपलं म्हणायचं अन् त्याला जबाब द्यायचा. चुकीचा सूर पडला तरी थांबायचं न्हाई, त्याला बी जबाब. थांबला तो मेला."

ही शिकवण आलोकनं गाठीला बांधली. आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. अप्पांच्या जागी कुणीही असतं तरी हेच सांगितलं असतं.

क्लासची जाहिरात करत रिक्षा फिरायची, "प्रवेश सुरू, प्रवेश सुरू, मोजक्याच जागा!" त्या भोंग्याचा चढउतार आलोकनं उचलला आणि त्याच्यावर असा काही खेळ केला की होस्टेलची पोरं गॅलरीत शिट्ट्या वाजवू लागली. फेरीवाल्याची आरोळी, एस्टीचा हॉर्न, पोरांचं घोकणं, काही सुटलं नाही. एकदा सुकन्याच्या कुकरची शिट्टी झाली. त्यानं वरच्या पट्टीत तिला जबाब दिला. दुसरी झाली, त्यानं तोच जबाब उलटा फिरवून दिला. तिसऱ्या शिट्टीला सुकन्या पदर तोंडाला लावून दारात उभी होती, आणि हसत होती. लग्नानंतर ती एवढी हसलेली त्यानं पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले, आणि हात चालूच होते.

मग ती रोज दुपारी उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. एक दिवस तीच म्हणाली, "ते खालचं वाजवा. मी बसते इथं. बघू तरी."

त्यानं भीतभीत डावा हात खाली नेला. ती कापली, पण बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आपला हात कुठला आणि जमिनीचा आवाज कुठला, हे ती स्वतःला शिकवत होती. तळवा फरशीवर टेकून ऐकायची. "जमीन आधी लांबून येती," ती सांगायची, "तुमचा हात इथंच उठतो." काही आठवड्यांनी ती आत चटई टाकून बसू लागली. उन्हं तापली तशी मागच्या खोलीतल्या गारव्याला दुपारची आडवी होऊ लागली. एके दिवशी तिचा डोळा लागला. आलोक वाजवत होता, ती घोरत होती, माळवदाखाली, त्या भिंतीला टेकून! त्यानं वर माळवदाकडं पाहिलं. पण उठवणार कसा? वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तेच पुढ्यात आलं होतं.

"तुमचा डावा हात चालू असला की मला भेव वाटत न्हाई," ती म्हणाली. "झोप लागती." आणि तिनं शेडातली उतरंड काढली, घासली आणि फडताळात लावली.

होस्टेललाही आता सवय झाली होती. भिंती थरथरल्या, खिडक्यांच्या काचा वाजल्या तरी पोरं पुस्तकातून मान वर करायची नाहीत. एखादा नवा मुलगा दचकला की जुने सांगायचे, "काही न्हाई, सर वाजवून राहिले." एकदा शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली आणि जमीन खरंच घुमायला लागली. आलोकनं तिलाही जबाब दिला. खोलीभर तो आवाज फिरला, सुकन्या कुशीवर वळली आणि पुन्हा झोपली. आलोकला त्या दिवशी भारी वाटलं. वाटायला नको होतं. त्या दिवशी त्याला घाम फुटायला पाहिजे होता.

त्या रविवारी त्यानं ही टेप अप्पांना ऐकवली. अप्पांनी पूर्ण ऐकली, पहिल्यांदाच मध्ये टोकलं नाही.

"आता वाजवायला लागलास," ते म्हणाले. आलोकनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग त्याच आनंदात त्यानं सांगून टाकलं, की बायको आता घरात झोपते, डावा हात चालू असला की तिला झोप लागते.

अप्पांचा चेहरा उतरला. "सिकंदराबादला एकदा आमच्या मुदपाकखान्यात आग लागली," ते म्हणाले. "वरती हॉलमध्ये माणसं जेवून राहिली होती. मालक आला अन् कानात बोलला, वाजवत राहा, घबराट नको. आमी वाजवलं. धूर येऊन राहिला, पण एक माणूस उठला न्हाई. बाजा चालू असला की माणसं उठत न्हाईत, मास्तर. आमाला त्याचाच पगार होता."

"मग काय झालं?"

"विझली. त्या दिवशी विझली." त्यांनी आपली वाकडी बोटं चोळली. "तिला सांग, बाजाचा भरवसा धरू नको. पुढच्या खोलीत झोप म्हणावं."

परतीच्या एस्टीत आलोकनं ठरवलं, आजच सांगायचं. घरी आला तर सुकन्यानं गूळ घालून दशम्या केल्या होत्या आणि शेडातलं तिचं अंथरूण आत आणून ठेवलं होतं. "आता हितंच," ती म्हणाली. चेहरा असा खुलला होता की तो तसाच दशम्या खायला बसला. उद्या सांगू, असं म्हणत म्हणत ते राहून गेलं. खरं सांगायचं तर त्याला सांगायचंच नव्हतं. ती समोर झोपलेली असली की त्याचे हात जसे चालायचे तसे एरवी चालत नव्हते. तिच्या झोपेची त्याला चटक लागली होती.

क्लासला सुट्टी होती तो दिवस. दुपार टळटळीत, गल्लीत चिटपाखरू नाही. सुकन्या भिंतीकडं तोंड करून चटईवर पडली होती. आलोकनं एक संथ चाल धरली. उजवा हात मोकळा सुटला होता, आणि डावा हात कधी नव्हे तो बोलू लागला होता, मध्ये गप्प बसत होता, वाट बघत होता. अप्पा जे सांगायचे ते हेच. पाठ केलेलं एकही बोट त्यात नव्हतं.

अशाच एका थांबलेल्या जागी आवाज आला.

पियानोच्या शेवटच्या तारेच्याही खालचा. लांबून, उत्तरेकडून, दळण दळल्यासारखा. आलोकला कळलं. अगदी पहिल्या घटकेला कळलं; लाटा शिकवणारा माणूस तो, त्याला नाही तर कुणाला कळणार? आधी आवाज येतो आणि मग धक्का येतो, हे त्यानं फळ्यावर किती बॅचना काढून दाखवलं होतं. पण तो आवाज बरोबर त्याच्या रिकाम्या जागेत पडला होता, तालात, जसा कुणी मोठा वाजवणारा शेजारी येऊन बसावा. त्याच्या अंगावर काटा आला. आणि त्याच्या डाव्या हातानं जबाब दिला.

आवाज पुन्हा आला, जरा जवळून. त्यानं पुन्हा जबाब दिला. उजवा हात वर नाचत होता, डावा खाली जमिनीशी बोलत होता. आयुष्यात त्यानं असं कधी वाजवलं नव्हतं. एक फेरा, फक्त हा एक फेरा पुरा होऊ दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

फेरा पुरा झाला नाही. फरशी उचलली गेली. तो स्टुलावरून दाराकडं फेकला गेला आणि मागं निजामाच्या काळातली ती भिंत आतल्या बाजूला बसली, तिच्यामागं माळवदाची माती. धक्का तसा बारकाच होता. गल्लीत दुसरं एक घर पडलं नाही. होस्टेलची पोरं धावत आली आणि हातांनी दगड उपसू लागली. आलोक त्यांच्यात होता, नखं फुटेपर्यंत उपसत होता, तिच्या नावानं ओरडत होता. पोरं एकमेकांना म्हणत होती, आम्हाला वाटलं सर वाजवून राहिले.

सुकन्या जिवंत निघाली. सरकारी दवाखान्यात नेली. कमरेचं हाड मोडलं होतं. पाय कधी उचलतील, उचलतील की नाही, ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ग्यानोबा गावाकडून आला आणि व्हरांड्यात भिंत सोडून मधोमध बसून राहिला. भेटायला येणारा प्रत्येक जण आलोकला तेच म्हणत होता, "एकाएकी झालं हो सर, कुणाला काय कळणार?" आलोक मान हलवत होता. तेवढा आधार त्याला सगळ्यांनी देऊ केला होता.

दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध आली. तो कॉटपाशी बसला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. तिनं बराच वेळ त्या पट्ट्यांकडं पाहिलं.

"मी जागीच व्हते," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मला ऐकू आलं. लांबून आलं तसंच. उठणारच व्हते. पण तुमी वाजवूनच राहिले. म्हणलं, भ्यायचं असतं तर हे थांबले असते. माझंच कायतरी चुकलं म्हणलं."

आलोकनं पट्टी बांधलेला हात तिच्या हातावर ठेवला.

"तुमाला आलं व्हतं का ऐकू?"

नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. सगळं लातूर नाही म्हणत होतं.

"हाव," तो म्हणाला.

"मग थांबले का न्हाई?"

त्याच्याकडं एकच उत्तर होतं, आणि ते खरं होतं. त्यानं मान खाली घातली.

"लई जमून आलं होतं, सुकन्या."

मग तिनं त्याच्या पट्टीखाली असलेला आपला हात हळूच काढून घेतला आणि चादरीवर ठेवला.

"जावा तुमी," ती म्हणाली. "बाबांना आत पाठवा."